उन्हाळ्यात गोधडी आणि चुलीवर थर्माकोल

मामाचा फोन आला तेव्हा मी साइटवर होतो. "काय भाचे, घर गार केलं आपण. हजार रुपयात. तू एवढा घरं बांधतं, तुले नाही सुचलं?" आवाजात पोरानं पहिला नंबर काढल्याचा आनंद. मी रविवारी गेलो.

स्वयंपाकघरात टिनाखाली थर्माकोलचे पांढरे तुकडे चिकटपट्टीनं आणि तारेनं बसवलेले, आणि बरोबर खाली चूल. चुलीत पऱ्हाट्या धडधडत होत्या, वर डाळ शिजत होती. चुलीच्या नेमका वरचा तुकडा पिवळा पडून भाजलेल्या पापडासारखा आत वळला होता, आणि त्याच्या कोपऱ्याला गुळाच्या पाकासारखा एक थेंब लोंबत गोठला होता. मामी म्हणाली, "दोन दिवसापासून वास येते. मले वाटलं उंदीर मेला कुठं."

मामानं लगेच मोबाईल काढून मेसेज दाखवला. मला तो या उन्हाळ्यात चौथ्यांदा आला. बचत गटाच्या, शाळेच्या, भजनी मंडळाच्या, सगळ्या ग्रुपवर फिरतो आहे. मथळा: 'इन्शुलेशनच्या नावाखाली लूट! विदर्भातल्या माणसानं वाचाच.' मजकूर थोडक्यात असा: इन्शुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, थंड देशांसाठी असतं, आपल्याकडे केलं तर घराची भट्टी होते, कारण उन्हाळ्यात गोधडी कोणी पांघरत नाही. जुन्या घराला काही लागत नाही, बापजादे तसेच राहिले. नव्या घराला स्लॅब जाड टाका, पुरे. टिनाचं घर असेल तर खालून थर्माकोल चिकटवा. छताला चुना मारा, 15 अंश उतरतात. दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवा. आणि शेवटी, दहा जणांना पाठवा.

पहिल्या ओळीत इन्शुलेशन म्हणजे लूट आणि चौथ्या ओळीत थर्माकोल चिकटवा! अरे बाबा, थर्माकोल म्हणजेच इन्शुलेशन. लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत हेच ठाऊक नाही, आणि माझा मामा त्याच्या भरवशावर शिडीवर चढला.

थर्माकोलचंच आधी बोलतो, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातील, हिच्यानं घर जाईल. थर्माकोल साधारण 80 अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं. मे महिन्यात दुपारी उघडं टीन साठच्या पुढे तापतं. म्हणजे वरून टीन आधीच शेकतंय, खालून चुलीची वाफ आणि धग, आणि मधे तो बिचारा तुकडा. पेटला तर काळाकुट्ट, घशात बसणारा धूर करतो, आणि नुसता जळत नाही तर जळते थेंब खाली टपकवतो. खाली कोण बसलेलं असतं? मामी. काही दुकानदार म्हणतात, आमचा माल आग न पकडणारा आहे. तशी औषध घातलेली जात मिळते, हे खरं. पण ती ठिणगीला थोडी दाद देत नाही एवढंच, रोज दोन वेळ पेटणाऱ्या चुलीच्या डोक्यावर टांगण्यासाठी ती नाही.

मेसेजात 'कोणत्याही सोल्यूशननं चिकटवा' असंही आहे. मामानं आधी सुताराकडचं पिवळं रबर सोल्यूशन आणलं होतं. ते लावताच थर्माकोलला भोकं पडली, साखर पाण्यात विरघळावी तशी. म्हणून मग चिकटपट्टी. त्या सोल्यूशनानं थर्माकोल खाल्लं जातं हे कोणत्याही सुताराला ठाऊक आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं एक तुकडाही कधी चिकटवून पाहिलेला नाही, याला याहून वेगळा पुरावा मला नको.

आता गोधडी. मामाचा सगळ्यात आवडता मुद्दा. "मले सांग, मे महिन्यात गोधडी घेतं का कोणी?" मी म्हटलं, मामा, बर्फगोळेवाला बर्फाची लादी कशात गुंडाळून आणतो? भुशात, पोत्यात. मे महिन्यातच ना? मग ती भट्टी काऊन होत नाही? मामा गप्प. माणसाचं अंग आतून गरम असतं, म्हणून गोधडीत उकडतं. लादी आतून गरम नसते, तिला बाहेरची धग लागू द्यायची नसते. दुपारी 45 अंशांत आपलं घर लादीच्या बाजूचं, अंगाच्या नाही. ऊन बाहेर, गारवा आत, मधे अडसर. हिवाळ्यात तोच अडसर उलट कामी येतो.

यात अर्धं खरं आहे ते कबूल करतो, नाइलाजानं. घरात चूल आहे, सात माणसं आहेत, आणि रात्री एकही खिडकी उघडत नसाल, तर ती आतली ऊब अडसरामुळे आतच कोंडते. म्हणजे दोष अडसराचा नाही, बंद खिडकीचा. आणि हाच मेसेज खाली सांगतो, खिडक्या गच्च लावा!

'जुन्या घराला काही लागत नाही' हे वाचून मात्र खरंच डोकं फिरलं. आजोबांचं घर आठवतं का? दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत. वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, एकावर एक चढवलेले, मधल्या फटीतून गरम हवा निघून जायची. कवेलूखाली माळा, माळ्यावर कुटार नाहीतर तुराट्या. पुढे ओसरी, म्हणजे भिंतीला ऊनच लागत नव्हतं. हेच इन्शुलेशन. त्याला कोणी इंग्रजी नाव दिलं नव्हतं एवढंच. सेवाग्रामला बापू कुटी आहे, मातीच्या भिंती आणि वर कवेलू. ज्याला शंका आहे त्यानं वर्ध्याला उतरून मे महिन्याच्या दुपारी तिथे दहा मिनिटं बसावं, मग समोरच्या एखाद्या टिनाच्या टपरीत दहा मिनिटं.

पण ते घर आता राहिलं कुठे? वानरांनी कवेलू फोडले. पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणूस मिळेना. म्हणून आपण कवेलू काढून टीन टाकलं, माळा काढला, ओसरीला भिंत घालून खोली केली. मामाच्या घराचं हेच झालं. भिंती आजोबांच्या, छत कारखान्याचं. त्याला 'जुनं घर' म्हणून 'काही लागत नाही' म्हणणं म्हणजे बैल विकून टाकायचे आणि गोठा दाखवून सांगायचं की आमच्याकडे औताची सोय आहे.

जाड स्लॅबचं गणित तर एका बैठकीत होतं. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीनं 2018 साली घरांसाठी इको निवास संहिता काढली. तिच्यात छताला एक मर्यादा आहे: आत-बाहेरच्या दर एक अंश फरकामागे, छताच्या दर चौरस मीटरमधून 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. ती मोठ्या भूखंडांसाठी आहे, आपल्या गावच्या घराला सक्तीची नाही, पण मोजपट्टी म्हणून उत्तम. सहा इंची उघड्या काँक्रीटचा स्लॅब या मापात 3 च्या पुढे जातो, मर्यादेच्या अडीच पटींहून जास्त. आता नुसतं काँक्रीट जाड करत 1.2 वर यायचं म्हटलं, तर स्लॅब जवळपास एक मीटर जाड टाकावा लागेल. एक मीटर! धरणाची भिंत बांधता काय? आणि तेच काम स्लॅबवर टाकलेला दोन सेंटिमीटरचा चांगला इन्शुलेशनचा थर करतो, कारण त्यात हवेचे बारीक कप्पे असतात आणि काँक्रीट ठोस असतं. बाजारात मिळणारा दोन इंची थर टाकला तर आकडा मर्यादेच्या निम्म्यावर येतो.

शिवाय काँक्रीट दिवसभर ऊन पिऊन बसतं. माझ्या स्वतःच्या घरी रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून स्लॅबला खालून हात लावा, तव्यावरून पोळी उतरवल्यावर तवा असतो तसा. बाहेर झुळूक सुटलेली असते आणि आपण खाली त्या तव्याखाली. म्हणून तर सगळं गाव गच्चीवर झोपतं. जाड स्लॅब म्हणजे जाड तवा. इन्शुलेशन म्हणूनच शक्यतो स्लॅबच्या वर घालावं, ऊन स्लॅबपर्यंत पोचूच नये. नवीन घर बांधत असाल तर वॉटरप्रूफिंगच्या वेळीच इन्शुलेशनच्या फळ्या टाकून वर कोबा करा, एकदाच खर्च. जुना स्लॅब असेल तर आधी भेगा आणि गळती, मग थर. उलटं केलं तर पाणी मधे अडकतं आणि काही वर्षांत सळ्या गंजून पोपडे डोक्यावर पडतात.

चुन्याचं खरं आहे, थोडं. पांढरं छत ऊन परतवतं. छताचा पृष्ठभाग पुष्कळ थंड राहतो, हातानं कळतं, आणि तो 15 चा आकडा बहुधा तिथूनच आला असावा. पण आपण छतावर राहत नाही, खोलीत राहतो. खोलीत फरक पडतो तो दोन ते पाच अंशांचा. तेही काही कमी नाही, आणि इतक्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही. तेलंगणानं 2023 मध्ये त्यासाठी खास कूल रूफ धोरण काढलं. तेव्हा मारा चुना, जरूर मारा. दर वर्षी मारा, धुळीनं आणि पहिल्या पावसानं तो जातो.

कूलरबद्दल फार बोलत नाही. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला निघायला वाट लागते. सगळं गच्च लावलं की अर्ध्या तासात चादर ओली आणि अंग चिकट. दुपारी झळ येते त्या बाजूची खिडकी लावायची, पलीकडची उघडी ठेवायची. कूलर वापरणाऱ्या कोणत्याही आजीला विचारा.

एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्यानं सांगायला हवी होती, ती त्यानं सांगितली नाही. लूट होते, पण दुसरीकडे. शहरातून चमकत्या बबल शीट घेऊन येणारे टिनाला ती थेट चिकटवून पैसे घेऊन जातात. चमक कामी येते ती तिच्यासमोर हवेची पोकळी असेल तेव्हाच. टिनाला चिकटली तर फक्त चमकते. असा माणूस दारात आला तर विचारा: थर किती जाड, पोकळी किती, आग लागली तर काय. तिसऱ्या प्रश्नाला जो हसेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

मामाच्या घरी आम्ही थर्माकोल उतरवलं. कोंबड्या लगेच त्याचे दाणे टिपायला धावल्या, मामीनं हाकललं, सगळं पोत्यात भरलं. चुलीवर काहीच घालायचं नाही, धुराडं मोठं करायचं. टिनाला बाहेरून पांढरा हात. झोपायच्या खोलीत, दहा बाय बारा, टिनाखाली अर्धा फूट जागा सोडून बुरडाकडचे बांबूचे तट्टे, दोन्हीकडून माती लिंपून, आणि पोकळीतली हवा निघायला दोन्ही टोकांना झरोके. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, 25 मेला लागतो, त्याआधी व्हायला हवं.

निघताना मी मामाला म्हटलं, जिथे जिथे तो मेसेज पाठवला तिथे आता त्या पिवळ्या तुकड्याचा फोटो टाका. सात ग्रुप निघाले. त्यानं टाकला. पाच मिनिटांत भजनी मंडळातून पहिला प्रश्न आला, "पाटील, हे डिझाईन केवढ्याला पडलं?"