फ्युरीचा विजय ‘निश्चित’ कशाच्या आधारावर?

हिवाळी अधिवेशनामुळे सगळ्या नागपुरात राजकारणाची चर्चा चालू असताना इथल्या बॉक्सिंगवेड्यांच्या मोबाइलवर मात्र एक वेगळाच मजकूर फिरतो आहे. २१ डिसेंबर २०२४ ला रियाधमध्ये होणारी, आपल्याकडे रविवारी पहाटे दिसणारी हेवीवेट (सर्वात वरच्या वजनगटातली) फेरलढत ब्रिटनचा टायसन फ्युरी जिंकणार हे निश्चित आहे, असा त्याचा दावा आहे. मे महिन्यातल्या पहिल्या लढतीत फ्युरीचा विजय परीक्षकांनी हिरावला, तो युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकपेक्षा उंच आणि वजनदार आहे, फेरलढतीत तो कधी हरत नाही आणि उसिकने हरवलेले प्रतिस्पर्धी मुळात कच्चे होते, अशी कारणे त्यात दिली आहेत. शिवाय बॉक्सिंगच्या चार प्रमुख संघटनांची चारही विजेतेपदे पणाला लागतील असेही म्हटले आहे, ते सरळ चूक आहे. त्यांपैकी आयबीएफ या संघटनेचा पट्टा उसिकने जून २०२४ मध्येच सोडला आणि तो डॅनियल ड्युबॉइसकडे गेला होता.

‘हिरावला’ हा शब्द सर्वात जास्त पसरला आहे, म्हणून तो नीट तपासू. १८ मेच्या लढतीत एका परीक्षकाने ११५-११२ आणि दुसऱ्याने ११४-११३ असे गुण उसिकला दिले. तिसऱ्याने ११४-११३ ने फ्युरीला विजयी ठरवले. इथल्या अनेकांना नागपूरची बॉक्सर अल्फिया पठाण हिच्यामुळे हौशी बॉक्सिंगची तीन फेऱ्या आणि पाच परीक्षकांची पद्धत परिचयाची आहे. व्यावसायिक विजेतेपदाच्या लढतीत बारा फेऱ्या आणि तीन परीक्षक असतात. फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला बहुधा नऊ गुण मिळतात, पण हरणारा पडला किंवा केवळ दोरांमुळे उभा राहिला आणि रेफरीने त्याच्यावर आकडे मोजले, म्हणजे मोजणी झाली, की त्याचे आठच गुण होतात. नवव्या फेरीत उसिकच्या ठोशांनी फ्युरी एका दोरावरून दुसऱ्या दोरावर आदळत गेला आणि केवळ दोरांमुळे उभा राहिला, तेव्हा रेफरीने मोजणी केली. दुसऱ्या परीक्षकाच्या ११४-११३ या आकड्याची फोड केली, तर दोघांनी सहा-सहा फेऱ्या जिंकल्या होत्या आणि निकाल त्या एका गुणाने फिरला, हे दिसते. तो गुण उसिकने ठोशांनी कमावला होता. उलट त्या मोजणीने फ्युरीला सावरायला वेळ मिळाला, ही उसिकच्या चाहत्यांची तक्रार मला अधिक वजनदार वाटते. युद्धग्रस्त युक्रेनविषयीच्या सहानुभूतीने निकाल लागला, असे लढतीनंतर खुद्द फ्युरी म्हणाला होता. पण तीनपैकी एका परीक्षकाने त्यालाच विजयी ठरवले होते, हे तो आणि हा मजकूर दोघेही विसरतात.

उंचीचे म्हणाल, तर ६ फूट ९ इंच विरुद्ध ६ फूट ३ इंच हा फरक मेमध्येही तेवढाच होता. वजनात फ्युरी सुमारे सतरा किलोंनी जड होता आणि हातांच्या लांबीतही सात इंचांनी पुढे होता. इतके असूनही जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) टप्प्यात शिरून कोनातून बाहेर पडणाऱ्या डावखुऱ्या उसिकला तो बारा फेऱ्या रोखू शकला नाही. क्रुझरवेट या हेवीवेटच्या खालच्या वजनगटातून वर आलेल्या डेव्हिड हेयने २००९ मध्ये सात फुटी निकोलाय वालुएवला हरवले, तेव्हा दोघांच्या वजनात जवळजवळ ४५ किलोंचे अंतर होते.

फेरलढतींचा मुद्दा अर्धवट खरा आहे. डिऑन्टे वाइल्डरविरुद्ध २०१८ मध्ये बरोबरीत सुटलेली लढत फ्युरीने २०२० मध्ये सातव्या फेरीत संपवली आणि डेरेक चिसोरालाही २०१४ मध्ये दहाव्या फेरीनंतर माघार घ्यायला लावली. मात्र वाइल्डरची सारी भिस्त उजव्या हातावर होती आणि चिसोरा समोरून चालून येणारा, त्यामुळे दोघांवरही अंगाचा भार टाकून त्यांना दमवता आले. उसिक समोर उभाच राहत नाही. शिवाय अँथनी जोशुआविरुद्धची २०२२ मधली फेरलढत त्यानेही जिंकली आहे, हे मजकुरात कुठे आहे?

कच्च्या प्रतिस्पर्ध्यांचा तर्क तर उलटूनच पडतो. सप्टेंबरमध्ये ड्युबॉइसने जोशुआला पाच फेऱ्यांत लोळवले, म्हणून जोशुआवरचे उसिकचे दोन विजय किरकोळ, असे म्हणायचे असेल, तर त्याच ड्युबॉइसला उसिकने २०२३ मध्ये नवव्या फेरीत बाद केले होते. आणि मिश्र मार्शल आर्ट्समधून आलेल्या ज्या फ्रान्सिस एन्गानूने फ्युरीला खाली पाडले, त्याला जोशुआने दोन फेऱ्यांत झोपवले. अशा साखळ्या कोणत्याही बाजूने ओढता येतात, म्हणून मी त्यांना काडीचेही महत्त्व देत नाही.

माझा कल गुणांवर उसिककडे आहे, तरी फ्युरीला मार्गच नाही असे मी म्हणणार नाही. मेमध्ये मधल्या फेऱ्यांत त्याचे पोटावरचे ठोसे आणि अपरकट (खालून वर मारलेले ठोसे) उसिकला बोचत होते आणि सहाव्या फेरीत तर उसिक स्पष्टपणे डळमळला होता. त्यानंतर फ्युरीने हात खाली सोडून नखरे करण्यात वेळ घालवला. तेच ठोसे त्याने आठव्या फेरीनंतरही चालू ठेवले, तर लढत त्याच्याकडे झुकू शकते. नेमका हाच मुद्दा त्याच्या चाहत्यांच्या मजकुरात नाही.