अर्ज भरला म्हणजे फी सुटली असं नव्हे

शिष्यवृत्तीवरच्या एका लेखात म्हटलंय की महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज करा, निम्मी फी माफ. राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीबद्दल हे खरं आहे, पण व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर विसरा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि एका घरातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो. मुलींचं वेगळं: २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, उत्पन्नमर्यादा तीच.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच. कंपनीचं सॅलरी सर्टिफिकेट चालत नाही. दाखल्यासाठी नवी मुंबईत ऐरोली ते बेलापूर ठाणे तालुका, पण खारघर-कामोठेवाल्यांनी पनवेल गाठायचं. नवी मुंबई म्हणून सगळे ठाण्याला धावतात!

पैसे अडकतात ते बहुतेक वेळा बँकेत. खात्याला आधार जोडलंय आणि खातं एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) यादीत आधारशी सीड झालंय, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी नोंदलं गेलंय, या दोन वेगळ्या गोष्टी. रक्कम शेवटी सीड केलेल्या खात्यात जाते, पासबुक कुठलंही जोडा. 'माय आधार'च्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं, अर्जाआधीच बघून घ्या.

अर्ज 'सेंड बॅक' झाला, म्हणजे त्रुटीमुळे परत आला, की दुरुस्त करून पुन्हा सबमिट करावा लागतो. मेसेजची वाट पाहू नका, लॉगिन करून बघत राहा. आणि दुसऱ्या वर्षी रिन्युअल आपणच भरायचं, आपोआप होत नाही.