माशी शिंकली ती इथे

मी मासे पकडायला जातो म्हटलं की लोक माझ्या पिशवीकडे बघतात. माशी घेऊन मासे पकडायला जातो म्हटलं की माझ्याकडे बघतात. फ्लाय फिशिंग म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, ती नदीवर अलगद उतरवायची आणि ट्राउट कधी फसतो याची वाट बघायची. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो आणि माझ्याशी वैर धरण्याइतकीही दखल मासा घेत नाही.

उन्हाळ्याची सुरुवात हा त्यातला सुगीचा काळ. बर्फ वितळून आलेलं गढूळ पाणी ओसरतं, तळाचे गोटे दिसू लागतात. त्या दिवशी थर्मामीटर बुडवला तर १३ अंश! ट्राउटला खरी भूक लागते ती साधारण १० ते १६ अंशांत. पाणी २० च्या वर गेलं की त्याला धाप लागते, तेव्हा गळ गुंडाळून घरी जावं. पण १३ म्हणजे मुहूर्तच.

दुपार कलली आणि मेफ्लाय नावाच्या माश्या पाण्यातून उठू लागल्या. या बाईंचं आयुष्य मोठं अजब. साधारण वर्षभर दगडाखाली अळी होऊन राहायचं, मग वर येऊन पंख फुटायचे, आणि पंख फुटले की खायला तोंडच चालत नाही. एक-दोन दिवसांत लग्न, अंडी आणि राम म्हणायचं. नदीभर टप् टप् वर्तुळं उमटू लागली. मासे जेवायला बसले होते.

मी माझी माशी टाकली. पहिल्या फेकीत ती मागच्या झुडपात गेली, ते सोडा. दुसरी बरोबर पडली. पण दोर मधल्या जोरदार धारेत सापडला आणि माशी पाण्यावर रेघ ओढत आडवी धावू लागली. खरी माशी प्रवाहाबरोबर निमूट वाहते. माझी बस चुकल्यासारखी पळत होती. एक ट्राउट वर आला, तिच्या खाली नाक लावून हातभर मागे गेला, आणि भाव विचारून पुढे जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखा वळला.

मी चार माश्या बदलल्या. मग नीट बघितलं तेव्हा कळलं, पाण्याबाहेर माशाचं तोंड येतच नव्हतं, नुसती पाठ आणि शेपूट. म्हणजे हे तरंगणाऱ्या माश्या खातच नव्हते. पृष्ठभागाखाली कात सोडायला धडपडणाऱ्या टिपत होते. तशी माशी डबीत शोधेपर्यंत सूर्य बुडाला, आणि केनिस आल्या.

केनिस ही नखाच्या टोकावर मावणारी पांढरी मेफ्लाय. इंग्रजीत गळवाले हिला ‘अँगलर्स कर्स’, म्हणजे शापच म्हणतात. ती निघाली की मासे दुसऱ्या कशाकडे ढुंकून बघत नाहीत. तिच्यासाठी २२ नंबरचा गळ लागतो, आणि गळांचा नंबर जितका मोठा तितका गळ बारीक, हा आणखी एक न्याय. मी चष्मा कपाळावर सरकवला, गळ आभाळाकडे धरला आणि त्याच्या छिद्रात धागा घालू लागलो. चुकला. ओला करून पुन्हा. चुकला.

तेवढ्यात एक केनिस बाहीवर बसली. पंख फुटल्यावरही एकदा कात टाकणारा मेफ्लायसारखा दुसरा कीटक नाही. हिची पाठ उकलली, पंखांसकट ती त्या कातेतून बाहेर आली, तीन लांब शेपट्या सोडवून घेतल्या आणि उडाली. मिनिटभराचं काम. माझा धागा अजून छिद्राबाहेरच. मग दुसरी आली, तिसरी आली. बाही म्हणजे त्यांची कपडे बदलायची खोली झाली. गाठ बसली तेव्हा हाताची बोटंही दिसत नव्हती.

घरी आलो. बायकोने शर्ट उजेडात धरला.

“हे पांढरं काय चिकटलंय?”

“कात आहे.”

“माशाची?”

“माशीची.”

तिने शर्ट दाराबाहेर झटकला.