छान वाजवतो हो

"छान वाजवतो हो," एवढंच मी म्हणालो.

खरं तर तेही म्हणायचं काही कारण नव्हतं. जानेवारीतला शनिवार, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये साडूंचं घर, बाहेर उणे चौदा. स्वयंपाकघरात दोघी बहिणी थालीपिठं थापत होत्या आणि तिथून मला एकदा हाकलून झालं होतं. दिवाणखान्यातल्या भल्यामोठ्या टीव्हीवर काळा चष्मा आणि सूट घातलेला एक माणूस गिटार वाजवत होता. यजमानाच्या टीव्हीवर जे काही चालू असेल त्याला पाहुण्यानं छान म्हणावं, ही आपली रीत. पुण्यात एकदा मी एकांच्या सीसीटीव्हीलाही छान म्हणालो होतो.

साडूंनी रिमोट उचलला. चित्र थांबलं.

"कोण? हा?"

हा म्हणजे जो बोनामासा. २००९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेला त्याचा कार्यक्रम भाच्यानं लावला होता. भाचा एकोणीस वर्षांचा, स्वतः गिटार शिकतो, आणि या बोनामासावर त्याचा फार जीव. साडू जुन्या गिटारवाल्या बी. बी. किंगचे भक्त. तिसरे शेजारचे निवृत्त गृहस्थ, मूळचे टेक्सासचे, दारातून वाकून आत यावं लागेल एवढे उंच. ते त्यांच्याच टेक्सासच्या गिटारवाल्या स्टीव्ही रे व्हॉनचे. दर शनिवारी हे तिघं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं संगीत, ऐकायला जमतात असं मला सांगण्यात आलं होतं. ऐकायला हा शब्द चुकीचा होता, हे मला हळूहळू कळलं.

"तयारी आहे," साडू म्हणाले. "नाही कोण म्हणतंय? पण…"

हा 'पण' मी ओळखला. माझ्या लहानपणी आमच्या घरी वडिलांचे मित्र जमत, तेव्हा किराणावाले ग्वाल्हेरवाल्यांना हाच 'पण' लावून दाखवत. तयारी आहे, पण रंग भरत नाही. आवाज आहे, पण लगाव नाही. पहाटेपर्यंत एकेका गवयाला वर चढवून खाली उतरवत आणि मग आईला चहा करायला लावत. सात समुद्र ओलांडून आलो तरी बैठक तीच निघाली. फक्त तंबोऱ्याच्या जागी अ‍ॅम्प्लिफायर होता.

"आत्मा नाही," साडूंनी वाक्य पुरं केलं. "बी. बी. एक सूर लावायचा. एक! आणि माणूस खलास."

"बाबा, एकच लावायचा कारण त्याला कॉर्ड वाजवता यायच्या नाहीत," भाचा म्हणाला.

कॉर्ड म्हणजे दोन-चार सूर एकदम छेडणं. हे म्हणे खरं आहे. खुद्द बी. बी. किंगनंच यू-टू बँडच्या पोरांना सांगितलं होतं, की कॉर्डचं तेवढं माझं जमत नाही. गाताना तो वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. साडूंच्या मते ही साधना. भाच्याच्या मते ही सोय.

"१९५६ साली ३४२ कार्यक्रम केले त्यानं. एका वर्षात! वर्षाचे दिवस किती असतात, साडूभाऊ?"

"तीनशे पासष्ट," मी म्हणालो. प्रश्न सोपा आल्यामुळे मला बरं वाटलं.

"५६ लीप इयर होतं, काका. ३६६."

मग टेक्सासनं तोंड उघडलं. शेजारी इंग्रजीत बोलतात, साडू मराठीत चिडतात आणि इंग्रजीत माफी मागतात, असा तिथला क्रम आहे. शेजाऱ्यांनी खिशातून तारांची एक पुडी काढली. माणूस शनिवारी शेजारी जाताना खिशात तारा घेऊन जातो, यावरून रोगाची पायरी कळावी. साधारण गिटारवाला पहिली तार नऊ किंवा दहा नंबरची लावतो, म्हणजे इंचाचे नऊ किंवा दहा हजारांश जाडीची. स्टीव्ही रे लावायचा जाडजूड तेरा नंबरची. बोटांची सालं निघायची. मग तो सुपरग्लूनं बोटांची टोकं चिकटवून पुन्हा वाजवायला उभा राहायचा. हे सांगताना शेजाऱ्यांचा आवाज जड झाला. आमच्याकडे फेविक्विकनं चपलेचा अंगठा चिकटवतात, हे मी मनातच ठेवलं.

"पण तो गिटार अर्ध्या सुरानं उतरवून लावायचा," भाचा म्हणाला. "तारा तेवढ्या सैल पडतात."

"आणि निम्म्या जागा अल्बर्ट किंगच्या उचललेल्या," साडूंनी भर घातली. अल्बर्ट किंग म्हणजे या किंगचा कोणी नातेवाईक नव्हे. डावखुरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा आणि तारा वर ढकलायच्या त्या खाली ओढायचा.

"उचलल्या," शेजारी शांतपणे म्हणाले, "आणि व्याजासकट परत केल्या."

तोवर भाच्यानं माझ्या मांडीवर गिटार ठेवली होती. "काका, तुम्हीच बघा. तिसऱ्या तारेवर अनामिका दाबा. आता वर ढकला. अजून. अजून!" मी ढकलली. सकाळी दूधवाला आमच्या सोसायटीचं गेट उघडतो, तो आवाज आला. दुसऱ्या खेपेला मात्र दोन गांधारांच्या मध्ये कुठेतरी, कोमलच्या वर आणि शुद्धच्या खाली, काहीतरी क्षणभर लुकलुकलं.

"अरे, ही तर मींड!" मी ओरडलो.

तिघांनीही माझ्याकडे प्रथमच आदरानं पाहिलं. नेमक्या त्याच सापटीत सगळं ब्लूज राहतं म्हणे. आदर टिकला अर्धा मिनिट, कारण त्या सापटीत कोण किती वेळ राहतो यावरून लगेच पुन्हा जुंपली. माझ्या बोटाच्या टोकावर तारेची लालसर चीर उमटली होती आणि बोटाला जुन्या नाण्यासारखा वास येत होता.

साडूंनी मग बी. बी.च्या गिटारची, ल्यूसिलची, गोष्ट काढली. १९४९ सालचा हिवाळा, आर्कान्सामधलं ट्विस्ट नावाचं गाव, तिथलं एक नाचघर. ऊब यावी म्हणून मध्ये रॉकेलचं पिंप पेटवून ठेवलेलं. बी. बी. वाजवत असताना दोन माणसं भांडायला लागली, पिंप कलंडलं, आग भडकली. सगळे बाहेर पळाले. बी. बी.ही पळाला आणि गिटार आत राहिली म्हणून पुन्हा त्या आगीत शिरला! भांडण ल्यूसिल नावाच्या बाईवरून होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. असला गाढवपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण म्हणून त्यानं गिटारचं नाव ल्यूसिल ठेवलं. पुढच्या सगळ्या गिटारींचंही तेच.

पिंप कसं कलंडलं हे हातानं दाखवताना साडूंनी चहाचा कप गालिच्यावर पाडला. स्वयंपाकघरातून "काय सांडलं?" असा प्रश्न आला. तिघं एका सुरात "काही नाही" म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांचं एकमत मी पहिल्यांदाच ऐकलं. शेजाऱ्यांना एवढं मराठी येतं.

आपणही काही बोलावं म्हणून मी म्हणालो, "तो ब्लूजवाला बडी गाय मुंबईला येऊन गेलाय. २०११ साली. वांद्र्याला, मेहबूब स्टुडिओत."

"तुम्ही ऐकलंत?" साडू खुर्चीतून पुढे सरकले.

"नाही, आमच्या ऑफिसातला एक जण गेला होता."

साडू पुन्हा मागे सरकले.

शेवटी शेजाऱ्यांनी हुकमाचं पान टाकलं. विस्कॉन्सिनमधलं अल्पाइन व्हॅली, इथून गाडीनं दोनेक तासांवर. ऑगस्ट १९९०. मंचावर क्लॅप्टन, बडी गाय, रॉबर्ट क्रे आणि स्टीव्ही रे. कार्यक्रम संपला, मध्यरात्र उलटली, धुकं होतं. स्टीव्ही रेचं हेलिकॉप्टर टेकडीवर आदळलं. वय ३५. शेजारी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत राहिले. आम्हीही राहिलो. यावर काय बोलणार?

"काका," भाचा माझ्या कानाशी कुजबुजला, "हे ते दर शनिवारी शेवटीच काढतात."

मग त्यानं आपलं पान टाकलं: बारा वर्षांच्या बोनामासाला आपल्याआधी वाजवायला कोणी उभं केलं? बी. बी. किंगनं. आता बोला, बाबा!

"मोठा माणूस लहान पोराचं कौतुक करतोच," साडू म्हणाले. "मी नाही तुझं करत?"

"नाही," भाचा म्हणाला.

आता निकाल द्यायला तिघंही माझ्याकडे वळले. माझं बोट ठणकत होतं. तेवढ्यात देवानं सोडवलं. बायको थालीपिठांची परात आणि लोण्याची वाटी घेऊन आली. भाच्यानं तेवढ्यात रिमोट दाबला आणि काळा चष्मा पुन्हा वाजवायला लागला. बायकोनं परात टेकवली, पदराला हात पुसले आणि दोन क्षण टीव्हीकडे पाहिलं.

"छान वाजवतो हो."

मी श्वास रोखला.

"वाजवतोच मुळी, ताई!" साडू तोंडात घास धरून म्हणाले. भाच्यानं मावशीला थालीपिठाचा कडक भाग काढून दिला. शेजाऱ्यांनी लोणी लागलेला अंगठा वर केला.

"मीसुद्धा हेच म्हणालो होतो," मी म्हणालो.

"म्हणालात ना, साडूभाऊ," साडू दुसऱ्या थालीपिठाकडे हात नेत म्हणाले, "पण…"