आधी टॉवर, मग रस्ता?

पुणे महापालिकेच्या हद्दीत 2017 साली 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23. रस्ते मात्र बैलगाडीच्या काळातलेच! आमच्याकडे विकास आराखड्यात (डीपीत) रुंद रस्ता आहे. प्रत्यक्षात तो पत्र्याच्या कुंपणाला जाऊन थडकतो आणि पलीकडे टॉवरचे स्लॅबवर स्लॅब पडतायत. बागेसाठी राखून ठेवलेली जागा? तिथे राडारोडा टाकलाय, टँकरच्या चाकांनी चिखल झालाय. पोरं बिचारी पार्किंगमध्ये खेळतात, गाडी आली की भिंतीला चिकटून उभी राहतात. हे बघून जीव तुटतो हो! रस्ता नाही, ड्रेनेज नाही, पाणी टँकरचं, मग बांधकामाला परवानगी मिळतेच कशी? आधी माणसं कोंबायची आणि नंतर भूसंपादनाच्या फायली वर्षानुवर्षं फिरवायच्या. आधी रस्ता करा, मग चढवा मजले!