ट्रकच्या ऑइल गळतीचा तो पाच मुद्द्यांचा मेसेज खोटा आहे, ब्रीदर बंद करू नका

ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय. "मालक बंधूंनो सावधान, शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत" अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. थोडक्यात सांगतो. एक, ऑइल गळती कुठल्याच कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही कारण सील रबराचं असतंय. दोन, गळती दिसली तरी शोरूमला नेऊ नका, जॉबकार्ड (शोरूममधला तक्रारीचा आणि कामाचा कागद) झालं की कंपनीच्या कॉम्प्युटरला नोंद होते आणि पूर्ण इंजिनची वॉरंटी बाद होते, म्हणून गपचिप वरून ऑइल टाकत राहा. तीन, इंजिनच्या ब्रीदर पाइपात कपड्याचा बोळा घाला आणि इंजिन ऑइलमध्ये दोन लिटर गिअर ऑइल मिसळा, गळती बंद. चार, बाहेरच्या मिस्त्रीनं एक नट जरी खोलला तरी वॉरंटी संपली. पाच, ट्रक कमर्शियल आहे, ग्राहक कोर्टात केस चालतच नाही. आणि शेवटी "दहा ग्रुपवर पाठवा".

हा मेसेज माझ्या दाजींना आला. दाजींची स्वतःची दहा टायरची गाडी आहे, स्वतः चालवतात, सोबत एक क्लीनर, कधी लातूरच्या मोंढ्यातून सोयाबीन तर कधी जालन्याहून सळई. गाडी अजून वॉरंटीत आहे आणि हप्ता चालू आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून ऑइल टपकायला लागलं, शोरूममध्ये काउंटरवरच्या माणसानं तोंडी सांगितलं की सील वॉरंटीत येत नाही आणि लेबर पण तुमचंच, मग दाजींनी हा मेसेज वाचला आणि खरंच ब्रीदरच्या पाइपात फडकं कोंबलं. फोनवर मला हे कळलं तेव्हा गाडी भरलेली होती आणि मांजरसुंब्याचा घाट पुढं होता. माझं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, सील, पॅकिंग, गॅसकेट हेच रोज विकतो, त्यामुळं हे मला माहितीय म्हणून लिहितोय आणि राग आलाय म्हणूनही लिहितोय.

आधी तिसरा मुद्दा घेतो कारण बाकीच्यांनी पैसे जातील, ह्याच्यानं इंजिन जाईल.

ब्रीदर कशासाठी असतो? इंजिन चालताना पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं थोडा गॅस खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतोच, नव्या गाडीत कमी, जुन्या गाडीत जास्त. तो गॅस बाहेर पडायला वाट पाहिजे, ती वाट म्हणजे ब्रीदर. ती बंद केली की कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखं होतं, आत प्रेशर वाढत जातं आणि ते सगळ्यात कमजोर जागेतून बाहेर पडतं. कमजोर जागा कुठली? सील आणि पॅकिंग. म्हणजे ज्या सीलमधून थेंब थेंब येत होता तिथून आता धार लागणार, जी सील चांगली होती ती पण बाहेर ढकलली जाणार, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) उडून बाहेर येते हे तर लई जणांनी बघितलंय. टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचं, अजून वाईट. टर्बोला गेलेलं ऑइल रिटर्न पाइपातून आपोआप खाली चेंबरमध्ये उतरतं, चेंबरमध्येच प्रेशर असेल तर ते उतरत नाही, तुंबतं आणि टर्बोच्या सीलमधून हवेच्या बाजूला जातं, तिथून इंजिनात. डिझेल इंजिनला ऑइल हे पण इंधनच आहे. असं ऑइल जास्त प्रमाणात आत गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत रेस होत जातं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. हे घाटात, भरलेल्या गाडीत, मागं पुढं गाड्या असताना झालं तर काय होईल हे मेसेज लिहिणाऱ्यानं एकदा तरी इचार करायला पाहिजे होता.

ब्रीदरमधून खूप धूर येत असेल, पाइपाखाली ऑइल साचत असेल, तर रिंग-लायनर किंवा टर्बो बघायची वेळ आलीय असा त्याचा अर्थ, आणि गाडी वॉरंटीत असेल तर हीच तक्रार शोरूममध्ये लेखी द्यायची आहे. तुम्ही बोळा घालून तीच खूण लपवायलात. वर कंपनीचा माणूस तपासायला आला आणि त्याला फडकं सापडलं तर तो फोटो काढून मोकळा होतो, पुढं तुमचं कुणी ऐकत नाही.

आणि ते गिअर ऑइल. गिअर ऑइल दातऱ्यांसाठी बनवलेलं असतं, त्यातली रसायनं वेगळी, इंजिनच्या तापमानाला आणि काजळीला ते बनवलेलंच नाही. त्यात १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांना सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, त्यासाठी कमी राखेचं ऑइल लागतं, चुकीचं ऑइल जळून त्याची राख त्या फिल्टरमध्ये बसते आणि ती राख रीजनरेशन (फिल्टर तापवून काजळी जाळणं) करून पण जात नाही. जाड ऑइलनं गळती दोन दिवस कमी दिसेल, हे मान्य करतो, दिसते कमी. पण ऑइलचं सॅम्पल लॅबला गेलं की भेसळ कळते आणि मग वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

आता दुसरा मुद्दा, जॉबकार्ड करू नका. हा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण हा ऐकायला हुशारीचा वाटतो. अहो, वॉरंटी ही तारखेवर आणि किलोमीटरवर चालते. गळती वॉरंटीच्या आत सुरू झाली होती ह्याचा पुरावा काय? जॉबकार्ड. तुम्ही वर्षभर गपचिप ऑइल टाकत राहिलात, वॉरंटी संपल्यावर सील पूर्ण गेलं, आता शोरूममध्ये जाऊन "ही तर जुनी तक्रार आहे" म्हणाल तर कोण मानणार. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या लांबच्या ट्रिपला लेव्हल खाली गेली, बेअरिंग पकडलं, इंजिन जाम झालं, तर कंपनी म्हणणार मालकानं ऑइल कमी ठेवून गाडी पळवली, हा निष्काळजीपणा आहे, वॉरंटीत नाही. तिथं जुनं जॉबकार्ड असेल, "ऑइल लीकेज, ग्राहकाची तक्रार" असं लिहिलेलं, तर बोलायला जागा राहते. नोंद झाल्यानं वॉरंटी बाद होते हे कुठल्या वॉरंटी पुस्तकात लिहिलंय ते मला दाखवा.

काउंटरवर तोंडी नाही म्हणाले तर ते नाही म्हणणं जॉबकार्डावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर तिथंच उभं राहून कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाका, गाडी नंबर, चेसिस नंबर, किलोमीटर, फोटो, आणि "आज अमुक शाखेत तोंडी नकार मिळाला" एवढं वाक्य. टॉप अप केलेल्या प्रत्येक डब्याचं बिल ठेवा, त्यावर किलोमीटर लिहा. आणि वरून टाकताना डिपस्टिक बघून टाका, खुणेच्या वर भरलं तर क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) ते ऑइल घुसळतो, फेस होतो आणि गळती अजून वाढते.

"गळती म्हणजे फक्त ऑइलचा खर्च" असंही त्या मेसेजमध्ये एक वाक्य आहे. चाकाच्या हबचं सील गळत असेल तर ते ऑइल ब्रेक लायनरवर जातं आणि ब्रेक नीट लागत नाही. टायरच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं तर गाडी भरायचीच नाही, आधी हब खोलायचा.

अजून एक, गळती कुठून आहे हे नक्की केल्याशिवाय कुणाशी भांडू नका. ऑइल खाली आणि मागं वाहतं, वाऱ्यानं मागं उडतं, त्यामुळं सगळ्यात ओली जागा ही गळतीची जागा असेलच असं नाही. वरचं टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय आणि ऑइल ब्लॉकच्या मागून उतरून गिअरबॉक्सच्या तोंडाशी टपकतंय, असं लई वेळा होतं, आणि मिस्त्री म्हणतो क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. क्रँकच्या मागच्या सीलला खर्च सीलचा कमी आणि गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील खोलायच्या मजुरीचा जास्त असतो, म्हणून तर भांडण होतं. आधी फोटो काढा, मग इंजिन धुऊन कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा आणि थोडी गाडी चालवून वरून खाली बघत या, पहिला डाग जिथं दिसेल तिथून सुरुवात आहे. काळं असेल तर इंजिन ऑइल, उग्र गंधकासारखा वास असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचं असू शकतं. दोन्ही एकाच ठिकाणी टपकतात.

पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. फिल्टर, बेल्ट, क्लच प्लेट, ब्रेक लायनर हे साधारणपणे वॉरंटीच्या बाहेर असतात आणि काही पुस्तकांत रबरी भागांना वेगळी, कमी मुदत असते. चेंबरला दगड लागून फुटला तर तेही तुमचंच. नुसता ओलसरपणा असेल, थेंब पडत नसेल, तर शोरूमवाले त्याला सीपेज म्हणून सोडून देतात. पण म्हणून "कुठल्याच कंपनीत कधीच नाही" हे खोटं आहे. जोडणीतला दोष असेल, पॅकिंग वाकडं बसलं असेल, कास्टिंगला बारीक छिद्र असेल, तर तो उत्पादनातला दोष आहे. पुस्तक उघडा आणि तुमच्या गाडीचं वाचा, दुसऱ्याच्या गाडीचं नको.

चौथ्याबद्दल थोडंच. बाहेर इंजिन खोललं तर कंपनी त्या कामापुरती अडवणार, ते बरोबरच आहे. पण हवा फिल्टर बाहेर बदलला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जाते हे नाही. स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये कार कंपन्यांच्या प्रकरणात हेच सांगितलं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच. तो आदेश कारवाल्यांचा होता, ट्रकला जसाच्या तसा लागू असं मी म्हणत नाही. वॉरंटी चालू असेपर्यंत सर्व्हिस वेळेवर शोरूमलाच करा, भांडायची वेळच येत नाही.

आता पाचवा, कारण दाजींनी सगळ्यात जास्त विश्वास ह्याच्यावर ठेवला आणि हात टेकले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७), ग्राहक कुणाला म्हणायचं ते ह्यात आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे, इथपर्यंत मेसेज बरोबर. पण त्याच्याच खाली स्पष्टीकरण आहे की स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी कारणात धरायची नाही. आणि ह्यावर सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा निकाल आहे, लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट. जुन्या कायद्यावरचा आहे पण स्पष्टीकरण तेच. ती केस मशीनची होती, पण कोर्टानं उदाहरण देताना ट्रकचंच दिलंय: जो माणूस ट्रक घेऊन स्वतः माल वाहतूक करतो तो ग्राहक आहे, आणि मदतीला एक-दोन माणसं ठेवली तरी तो ग्राहकच राहतो. म्हणजे दाजी आणि त्यांचा क्लीनर. ह्याच्यापेक्षा स्पष्ट काय पाहिजे. उलट, गाडी फक्त पगारी ड्रायव्हरच चालवत असेल तर त्याच निकालानुसार तुम्ही ग्राहक नाही, चार-पाच गाड्यांच्या मालकांनी ह्या भरवशावर राहू नये.

म्हणून गाडी तुम्हीच चालवता ह्याचे कागद जपा, लायसन्स, ड्रायव्हर म्हणून तुमचं नाव असलेल्या बिल्ट्या (माल वाहतुकीच्या पावत्या). गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर केस जिल्हा ग्राहक आयोगात (ग्राहक कोर्ट म्हणतात तेच) चालते, २० ते ५० लाखांच्या गाडीला फी १००० रुपये आहे. कंपनीचं ऑफिस पुण्या-मुंबईला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, बीड असो नाहीतर हिंगोली, तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ ह्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवा, काही वेळा तिथंच मिटतं. केसला वेळ लागतो, हे खरं आहे आणि ते लपवत नाही. पण तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे आणि शोरूमवाले "वर कळवलंय, बघतो" म्हणत त्यातले महिने खाऊन टाकतात, त्यामुळं पहिल्यांदा नाही म्हणाले ती तारीख, माणूस आणि शाखा त्याच दिवशी लिहून ठेवा.