क्युरेटिंगवाल्या पेशंटचं कोण आहे?

हे असं, दवाखान्याच्या भर हॉलमध्ये, तार सप्तकात. काउंटरवरच्या बाई ओरडल्या ते राजारामपुरीच्या मेन रोडपर्यंत गेलं असेल. माझी जाऊ मान खाली घालून बसलेली. तिसऱ्या महिन्यात बाळाचे ठोके थांबले होते, म्हणून क्युरेटिंग, म्हणजे पिशवी साफ करायची होती. आधीच जीव अर्धा झालेला. आणि शेजारची मावशी लगेच सरसावली, "कुठलं गाव गं तुमचं? पाहुणे कोण?" कोल्हापुरात आडनाव आणि पेठ सांगितली की पुढचं समोरचाच सांगतो. संध्याकाळपर्यंत भावकीत बातमी, "पाडलं म्हणे!"

काउंटरवर रजिस्टर आ वासून उघडं. नाव, मोबाईल, शेवटची पाळी, आधीची मुलं किती. पैसे भरायला उभा राहिलेला कुणीही वाचावं. मी म्हटलं, जरा हळू बोला. तर उत्तर काय? "सगळ्या बायकाच आहेत की, लाजायचं काय त्यात!" बायकाच म्हणे. आणि नवरे, दीर, औषधकंपनीचा बॅगवाला हे काय भिंतीला टेकवलेले खांब होते?

गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव डॉक्टरनं बाहेर फोडलं तर 1971 च्या कायद्यात वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे, 2021 च्या दुरुस्तीनं ते कलम घातलंय. गर्भपाताचं रजिस्टर तर गुप्तच ठेवायचं असतं. जावेचा गर्भ आपोआप गेला, तिला हे कलम लागत नाही म्हणा. पण ओरडणाऱ्या बाईंना तो फरक ठाऊक होता होय? उद्या तिथं खरंच गर्भपाताला आलेली पोरगी बसलेली असली तरी त्या अश्शाच ओरडणार.

सोनोग्राफीच्या वेळचा एफ फॉर्म आम्ही निमूट भरला. मुलींचे गर्भ मारले जाऊ नयेत म्हणून तो हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग नाळेतलं रक्त साठवणाऱ्या कंपनीकडं जावेचा नंबर, वर तारखेचा हिशेब, कुणी पोचवला? आम्ही तर कुणाला दिला नव्हता. परवा फोन आला, "मॅडम, अभिनंदन! आता सातवा लागला असेल ना?" ती फोन टाकून मोरीत जाऊन रडली. मी परत लावला, नंबर कुठनं मिळाला विचारलं, तर कट. पुन्हा लावला तर ब्लॉक.

अरे, बँकेत पासबुक भरायला गेलं तरी टोकन देऊन नंबर पुकारतात. तुम्हाला पाच रुपयांचा पुठ्ठा त्या रजिस्टरवर टाकता येत नाही?